एकट्याचा बाजा

वसईचे नाव निघाले की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात : चिमाजी अप्पांची मोहीम आणि केळी. मोहीम शाळेत पाठ केलेली असते, आणि वसईची सुकेळी लहानपणी कोणीतरी पाहुण्याने पुडीत बांधून आणलेली असतात. मी मात्र यंदा वसईला गेलो तो तिसऱ्याच कामासाठी. तिकडच्या एका बॅंडमास्तरांनी आपला बॅंड मोडल्यावर एकट्याने नऊ गाण्यांचा एक आल्बम केला होता, तो ऐकायला.

वाचक म्हणतील, बॅंडमास्तर कसले आणि आल्बम कसला! लग्नात वाजवावे, बिदागी घ्यावी आणि घरी जावे. पण हे मास्तर तरुणपणी रॉक गाणारे. लग्नाची वरात पोटासाठी, आणि गिटार जिवासाठी, अशी त्यांची दोन खाती. दोन्ही खाती एकाच बॅंडवर चालत, आणि तो बॅंड चार वर्षांपूर्वी मोडला.

चर्चगेटपासून वसई रोड सुमारे ५२ किलोमीटर. विरार गाडीत शिरणे ही एक विद्या आहे आणि तीतून वसईला उतरणे ही त्याहून अवघड विद्या. भाईंदर सुटले की खाडी लागते. पुलावरून गाडी धडधडत जाते, दारातून खारा वारा आत घुसतो, आणि इतका वेळ एकमेकांच्या पाठी सोसणारी माणसे क्षणभर शहाण्यासारखी बाहेर बघू लागतात. नायगाव गेले, वसई आले. स्टेशनाबाहेर इमारतींची दाटी. २००९ साली इथे महानगरपालिका झाली, २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला; आणि या साऱ्या उलथापालथीत जुनी वसई शोधायची तर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने निघावे लागते. पापडी, रमेदी, गिरीज, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा. नावे घेतली तरी विहिरीचे पाणी पाटात पडल्याचा भास होतो. रस्त्याकडेला अजून केळीच्या बागा आहेत, अळू आहे, फुलझाडे आहेत. आणि त्यांच्या शेजारी नव्या इमारतीचा पायाही खणलेला आहे.

मास्तरांकडे जाण्याआधी किल्ल्यात डोकावलो. वसईला येऊन किल्ला न पाहणे म्हणजे लग्नाला जाऊन वधूवरांना न भेटणे! १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि पुढे दोनशे वर्षे ही त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली. आत देवळेच देवळे. कोणी फ्रान्सिस्कनांचे, कोणी जेझुइटांचे, कोणी डोमिनिकनांचे. आता छपरे गेली आहेत, कमानींतून वड आणि पिंपळ वाढले आहेत. सेंट जोसेफच्या मनोऱ्याकडे मान वर करून पाहिले की एवढ्या उंचावरून घंटा वाजत असेल तेव्हा ती किल्लाबंदराच्या कोळ्याला होडीवर ऐकू जात असेल, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

त्या घंटांची गंमत वाचकांना ठाऊक असेलच. मे १७३९ मध्ये किल्ला पडला, आणि इथल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा वसईचीच असे सांगतात. भीमाशंकरच्या घंटेचीही तीच कथा. म्हणजे ओतली ती कुठल्या तरी ख्रिस्ती मनोऱ्यासाठी आणि वाजते महादेवापुढे. धातूला धर्म नसतो, सूर तेवढा असतो.

या पडक्या भिंतींना हल्ली नवी पाहुणेमंडळीही भेटतात. सिनेमावाले तर येतातच. पण २०१६ साली 'कोल्डप्ले' या ब्रिटिश बॅंडच्या एका गाण्याची चित्रफीत निघाली, तिच्यातही हा किल्ला आहे. रॉकवाल्यांना पडझड आवडते हे खरे. पण पडझडीनंतर माणसे काय करतात, ते पाहायला किल्ल्याबाहेर गावात जावे लागते.

कारण १७३९ मध्ये पोर्तुगीज आपले सैन्य, बायकामुले घेऊन बाहेर पडले. गावोगावचा ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी मात्र जागचा हलला नाही. ज्यांनी सूर धरायला शिकवले ते निघून गेले, आणि शिकलेले मागे राहिले. एखाद्या वाद्यवृंदाचा संचालकच उठून जावा, तसे. मग या लोकांनी काय केले? गाणे बंद केले नाही. प्रार्थना रोमची, पण लग्नातली गाणी आपल्या सामवेदी बोलीतली, वाडवळी बोलीतली. उंबराचे पाणी आणायला निघताना पुढे बाजा. 'कुपारी' हे नाव पोर्तुगीज शब्दावरून आले म्हणतात, पण कुपारी माणूस बोलतो ती मराठीचीच एक बोली. याच मातीतल्या नंदाखालात १९४२ साली जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मागे राहिलेल्यांनी आपला बाजा किती आपलासा केला, याला आणखी पुरावा नको.

मास्तरांचे घर वाडीच्या टोकाला. कौलारू, पुढे ओटा, ओट्यावर मासळीची जाळी नव्हे तर ट्रंपेटची पेटी. वय सत्तरीकडे झुकलेले, पण छाती अजून भात्यासारखी. "या, बसा. उन्हाचे आलात," म्हणून त्यांनी आधी ताक दिले, मग सुकेळी दिली, आणि मग एक जुनी कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली. रेमो फर्नांडिसची 'गोअन क्रेझी'.

"हाच माझा गुरू," मास्तर म्हणाले. "मी त्याला कधी भेटलो नाही. गुरूला भेटलंच पाहिजे असं कुठं आहे?"

रेमोची हकिगत सांगण्यासारखी आहे. जन्म १९५३, पणजीचा. मुंबईला वास्तुशास्त्र शिकायला आला आणि 'द सॅव्हेजेस' या तेव्हाच्या नामांकित बॅंडमध्ये गाऊ-वाजवू लागला. पुढे बॅंडची वाट वेगळी झाली, याची वेगळी. युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत गाणी गात भटकून तो गोव्याला परतला. स्वतःची इंग्रजी गाणी घेऊन कंपन्यांची दारे ठोठावली; पण त्यांचा सारा जीव हिंदी सिनेमाच्या गाण्यांत. तेव्हा या गृहस्थाने शिवोलीच्या घरात एक चार पट्ट्यांचे कॅसेट-यंत्र मांडले आणि गिटारही आपणच, बासरीही आपणच, सगळे आवाजही आपणच, असा १९८४ साली अख्खा आल्बम केला. वेष्टनावरचे चित्रही स्वतःच काढले आणि पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी घालून गोवाभर दुकानांतून विकल्या. पुढे 'त्रिकाल', 'जलवा' झाले, 'बॉम्बे'मधले गाणे झाले, २००७ साली पद्मश्री मिळाली. पण मुळाशी ती स्कूटर.

जगातही असेच घडले होते. बीटल्स १९७० साली फुटले. पॉल मॅकार्टनीने त्याच एप्रिलात स्वतःच्या नावाचा आल्बम काढला. त्यातले बरेचसे काम लंडनच्या घरात चार पट्ट्यांच्या यंत्रावर झाले होते, आणि जवळजवळ सगळी वाद्ये त्याची त्यानेच वाजवली होती. जॉर्ज हॅरिसनने मात्र त्याच वर्षी मित्रांची जत्रा जमवून तीन तबकड्यांचा मोठा संच काढला. एकाने दार लावून घेतले, दुसऱ्याने सताड उघडले. बॅंड मोडल्यावर माणसाला हे दोनच रस्ते असावेत.

आपल्याकडे नंदू भेंडे यांचे नाव या संदर्भात आठवते. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा इंग्रजी रॉक बॅंडांत गायला, १९७४ साली अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जूडास झाला, आणि चारच वर्षांनी 'तीन पैशाचा तमाशा'त मराठी रंगभूमीवर उभा राहिला. बॅंड बदलला, भाषा बदलली, गळा तोच.

मास्तरांनी मग मला आपले यंत्र दाखवले. चार पट्ट्या म्हणजे काय ते इथे सांगतो, कारण मलाही ते त्यांनीच समजावले. एकच फीत, पण तिच्यावर शेजारी शेजारी चार वाटा. पहिल्या वाटेवर ताल भरायचा. तो कानात ऐकत ऐकत दुसरीवर गिटार, तिसरीवर आवाज. वाटा संपल्या की दोन वाटा मिळून एकीवर उतरवायच्या आणि मोकळ्या झालेल्यांवर पुढचे वाद्य. फक्त प्रत्येक वेळी थोडी खरखर वाढते. आता संगणकावर हव्या तेवढ्या वाटा मिळतात आणि खरखरही होत नाही. मास्तरांच्या जावयाने तसा संगणक आणून दिला आहे. "वाटा पुष्कळ झाल्या," मास्तर हसून म्हणाले, "चालणारा एकच."

बॅंड भांडणाने मोडला नव्हता. दोघे आखातात गेले, एकजण मुलाकडे कॅनडाला. वरातीला लोक डीजे बोलावू लागले. आणि क्लॅरिओनेट वाजवणारा मास्तरांचा बाळमित्र एका पावसाळ्यात वारला. अकरांचे सात झाले, सातांचे चार, आणि मग एके दिवशी मास्तरांनी गणवेश ट्रंकेत घडी करून ठेवले. घरच्यांचे म्हणणे होते, पुरे झाले आता. आल्बमला जुन्या बॅंडचे नाव द्यावे की आपले, यावरही मास्तर दोन महिने अडले होते. बॅंडचे नाव दिले तर खोटे, आपले दिले तर गेलेल्यांना विसरल्यासारखे.

त्यांनी नऊ गाणी ऐकवली. काही इंग्रजी, काही त्यांच्या बोलीत. ट्रंपेट, गिटार, कीबोर्ड, तीन आवाज, सगळे मास्तर. सातवे गाणे लग्नाचे. त्यात मध्येच सोळा मात्रा नुसता ताल वाजतो, सूर नाही. मला वाटले, काही राहून गेले.

"तिथं त्याचं क्लॅरिओनेट असायचं," मास्तर म्हणाले. "मला येतं ते. रोज शेजारी उभा राहून ऐकलंय तीस वर्षं. कीबोर्डावर बटण दाबलं तरी क्लॅरिओनेट वाजतं. पण ते मी भरलं नाही. त्याची वाट आहे ती."

मग मी विचारले, शेवटी नाव कोणाचे दिले? त्यांनी वेष्टन दाखवले. वर त्यांचे एकट्याचे नाव, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दहा नावे. प्रत्येकापुढे त्याचे वाद्य. एकट्याने गाणे म्हणजे एकटेच शिकलेले गाणे नव्हे, एवढा साधा हिशेब त्यांनी चुकता केला होता.

वाचकहो, वसईला जाल तेव्हा किल्ला जरूर पाहा, मनोऱ्याखाली उभे राहा, होळीच्या बाजारातली सुकेळी घ्या. पण संध्याकाळची गाडी पकडायची घाई करू नका. वाडीतल्या एखाद्या घरातून ट्रंपेट ऐकू आला तर क्षणभर थांबा. वाजवणारा एकटाच असेल. पण मध्ये तो गप्प झाला, तर गाणे संपले असे समजून निघू नका.