नाव्ह्याची गढी

जानेवारीत नांदेडहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की आधी अर्धापूरच्या केळीच्या बागा. वारंगा फाट्यावर खिचडी खाल्ल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, मीही गेलो नाही. मग हदगावची वाट, दोन्हीकडे तूर, कापूस, हरभरा. हदगाव तालुक्यातल्या नाव्ह्यात नौसाजी नाईक लढले ते डोंगरी किल्ल्याच्या नव्हे, मातीच्या गढीच्या भरवशावर.

नौसाजी हटकर. पैनगंगेच्या खोऱ्यातली ही लढवय्या धनगरांची जमात. ‘आइन-ए-अकबरी’तही तिच्या घोडदळ-पायदळाची नोंद आहे. मुलूख निजाम सिकंदरजाहचा, पण नौसाजींचं बंड मोडायला आली ती रसेल ब्रिगेड. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने उभी केलेली, अंमलदार गोरे, पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. म्हणून हे बंड निजामाविरुद्ध की इंग्रजांविरुद्ध, हा वाद मला पोकळ वाटतो.

८ जानेवारी १८१९ला ब्रिगेडच्या मेजर पिटमनने गढीला वेढा घातला. चर खणत, तोफांचे मोर्चे पुढे सरकवत तटाला भिडायला त्याला तीन आठवडे लागले. ३१ तारखेला खिंडारातून फौज आत घुसली. गढीत पाचशेच्या वर अरब शिपाई होते; त्यातले चारशेहून अधिक कापले गेले. पेशवाई बुडून वर्षही उलटलं नव्हतं. अरबांना दुसरा धनी शोधता आला असता. पोटासाठी तलवार बांधणारी ही परमुलखातली माणसं एका हटकर नाईकाच्या मातीच्या भिंतीआड शेवटपर्यंत टिकली. नाईकाची ताकद मी त्याच्या घराण्यापेक्षा इथे मोजतो.

इंग्रजांनीही ती मोजली.  रसेल ब्रिगेडचीच पुढे हैदराबाद कंटिन्जंट झाली. तिच्या वारशातून आलेल्या कुमाऊँ रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत नाव्हा आजही आहे. आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात उमाजी नाईक भेटतात, नौसाजी भेटत नाहीत.

पुढे पैनगंगेचा पूल ओलांडला की उमरखेड, म्हणजे वऱ्हाड. याच कंटिन्जंटच्या खर्चापायी निजामाच्या डोक्यावर कर्ज चढलं आणि १८५३मध्ये त्याला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. नाईकाची गढी पाडणाऱ्या फौजेचं बिल नदीपलीकडच्या कापूसवाल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून वसूल होऊ लागलं.