पाठवलेला पैसा कोणाचा?

वागळे इस्टेटमधून आखात तसे जवळच. इथले कारखाने एकामागून एक बंद पडत गेले आणि ठाण्याचे पासपोर्ट कार्यालयही याच इस्टेटीत आले. अब्बांचा कारखाना बंद पडला तेव्हा भाईजानचा लेथवर नुकता हात बसला होता. २००४ साली ते शारजाला गेले.

एके काळी तिकडे आपलाच रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि दुबई-शारजाने तो सोडला. आता तिथला दिरहम डॉलरला बांधलेला. रुपया घसरला की आमच्या गल्लीत आनंद होतो. हा आनंद आम्हाला कधी नीट पचला नाही.

सुरुवातीला ड्राफ्ट यायचे, अब्बांच्या नावाने. पुढे पैसे थेट अब्बांच्या खात्यात येऊ लागले. पाठवण्याचे कारण म्हणून पावतीवर दर महिन्याला एकच लिहिलेले असे : कुटुंबाचा खर्च. त्याच पैशातून किराणा आला, अम्मीची औषधे आली, आमच्या बी.एड.ची फी भरली गेली आणि २००९ मध्ये एक खोली घेतली. कागद अर्थात अब्बांच्या नावावर. वडील हयात असताना दुसऱ्या कोणाचे नाव घालायचे, असे बोलायला कोण धजणार?

२०१५ मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. चाळिसाव्यानंतर वाटणीचा विषय निघाला. शरीयतप्रमाणे अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. आपाने आपला हिस्सा मागितला. त्यात गैर काहीच नव्हते. भाईजान फोनवर म्हणाले, “अकरा वर्षं उन्हात मी उभा होतो. खोली माझी आहे.” तेही खोटे नव्हते. मामू म्हणाले, “बापाच्या हातात दिलास तो हिबा झाला. दिलेलं परत मागतात का?” पण तो हिबा होता की अमानत, हे कोणी कधी विचारलेच नव्हते. पावत्या काढून पाहिल्या तर सगळीकडे तेच : कुटुंबाचा खर्च.

आमच्या शाळेत पालकसभेला बहुतेक आयाच येतात, वडील तिकडे. सभा संपली की आम्ही त्यांना विचारतो, पैसे कोणाच्या खात्यात येतात? परदेशी गेलेल्याने स्वतःच्या नावाने एन.आर.ई. खाते काढावे. त्यातला पैसा हवा तेव्हा परत तिकडे नेता येतो. घरच्या माणसाला व्यवहाराचा अधिकार लिहून दिला की इथला खर्च भागतो आणि मालकी बदलत नाही. जाण्याआधीचे साधे बचत खाते एन.आर.ओ. करून घ्यावे लागते, हे तर अनेकांच्या गावीही नसते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे आम्ही दोनदा सांगतो. एका बाईने विचारले, “सर, हे सासऱ्यांना कोण सांगणार?” आम्ही गप्प बसलो.

भाईजान दर ईदला आपासाठी वेगळे पैसे पाठवतात, तिच्याच खात्यात. आपा हक्कसोडपत्रावर सही करत नाही आणि भाईजानही आता आग्रह धरत नाहीत. खोलीत अम्मी राहते. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून अब्बांचेच नाव आहे.