वहींतील आमचें नांव

बाजार मंदावला कीं ‘सरकारनें कांहींतरी केलें पाहिजे’ असें म्हणण्याची आम्हां सुशिक्षितांस फार संवय. संध्याकाळचा चहा पुढ्यांत असावा, वर्तमानपत्र हातांत असावें, आणि सरकारच्या तिजोरीचा हिशेब आपण करावा, यासारखें सोपें सुख नाहीं. आम्हीही तें पुष्कळ भोगलें आहे. परंतु असेंच एकदां तिजोरीचा हिशेब करतां करतां आमच्या घरचाच हिशेब निघाला. ती हकीकत वाचकांस सांगावी असें बरेच दिवस मनांत आहे.

आमचें घर होटगीस. मुंबई-चेन्नई लोहमार्गास येथून विजापूर-गदगकडचा फांटा फुटतो, त्यामुळें गाड्यांचा आवाज हेंच गांवाचें घड्याळ. २०२० च्या मार्चांत तें घड्याळ बंद पडलें. आधीं प्रवासी गाड्या थांबल्या, आणि ऐन गुढीपाडव्याच्या दिवशीं, २५ मार्चला, सारा देश दाराआड गेला. सोलापूरचें नांव जसें चादरींबद्दल, तसें शाळेच्या गणवेशांबद्दलही आहे. गणवेशांचा हंगाम म्हणजे जूनच्या आधींचे दोन-तीन महिने. त्या वर्षीं जूनांत शाळाच उघडल्या नाहींत. आमच्या आळींत एक शिंपी आहेत. सारे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांच्याकडे शहरांतून कापलेल्या कापडाचे गठ्ठे शिवावयास येत. ते यावयाचे थांबले आणि मास्तरांचीं दोन्ही मशिनें मुकीं झालीं.

मे महिन्यांत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीं लहान-मध्यम उद्योगांसाठीं ३ लक्ष कोटि रुपयांची कर्जयोजना जाहीर केली. तिची रचना अशी कीं, २९ फेब्रुवारी २०२० रोजीं धंद्यावर जें कर्ज असेल, त्याच्या २० टक्के रक्कम बँकेनें नव्या तारणावांचून आणखी द्यावी; पहिलें एक वर्ष मुद्दल मागूं नये; आणि कर्ज बुडालें तर त्याची हमी सरकारची. योजना वाईट नव्हती. ज्यांचें खातें बँकेंत आधींपासून चालू होतें, अशा पुष्कळांस तिनें हात दिला. आमच्या घरीं पानावर बसल्या बसल्या तिचें कौतुक झालें. “चला, आतां मास्तरांचें भागलें,” काका म्हणाले.

जूनच्या आरंभीं मास्तर स्वतःच आले. तोंडास फडकें बांधून ओट्याखालीं उभे राहिले आणि म्हणाले, “अण्णा, बँकेचा अर्ज लिहून द्या कीं.”

“तुमच्यावर बँकेचें कर्ज किती आहे, मास्तर?”

“एक पैका नाहीं. आमच्या वडलांनीं काढलं नाहीं, मी काढलं नाहीं.”

हें त्यांनीं अभिमानानें सांगितलें, आणि नेमकी तीच त्यांची अडचण ठरली. शून्याचे २० टक्के शून्यच. १९४९ सालीं सोलापूरची जुनी गिरण बंद पडली, तेव्हां तिचा कारभार हातीं घेण्यासाठीं सरकारनें पुढच्याच वर्षीं खास कायदा केला. दोन मशिनांच्या दुकानासाठीं कोण कायदा करणार? नुकतीच निघालेली १०,००० रुपयांची ‘स्वनिधि’ योजना होती, पण ती शहरांतील फेरीवाल्यांची. राहिली २०१५ पासूनची मुद्रा योजना. तिच्या ‘शिशु’ वर्गांत ५०,००० रुपयांपर्यंत तारणावांचून कर्ज मिळे. परंतु बँकेस धंदा कागदावर दिसावा लागतो, आणि मास्तरांचा सारा व्यवहार रोखीचा. आम्ही म्हणालों, “तुमची वही आणा. येणें किती, देणें किती, तें आधीं उतरून काढूं.”

वही आली. आम्ही चष्मा लावून एकेक नांव उतरूं लागलों. आठव्या का नवव्या ओळीस आमचेंच आडनांव आलें! माघांतल्या मुंजीचे कपडे, मुलींचीं परकर-पोलकीं, काकांची बंडी, माजघराचे पडदे: एकूण ६,४०० रुपये. आमचा हात थांबलेला पाहून मास्तर गडबडीनें म्हणाले, “तें राहूं द्या, अण्णा. तें घरचंच आहे.”

त्या शब्दांनीं आम्हांस अधिकच लाज वाटली. घरांत चौकशी केली. काकांना वाटलें होतें, पैसे वहिनींनीं दिले. वहिनींना वाटलें, आम्हीं दिले. आणि ते द्यावयाचे आहेत हेंच आम्हांस ठाऊक नव्हतें. एकत्र कुटुंबांत येणें सर्वांचें असतें, देणें मात्र कोणाचेंच नसतें.

लहान उद्योगांचें बिल ४५ दिवसांच्या आंत चुकतें करावें, असा २००६ चा कायदा आहे. मे महिन्यांतल्या त्याच घोषणेंत, सरकार व सरकारी कंपन्या यांच्याकडे थकलेलीं लहान उद्योगांचीं बिलें ४५ दिवसांत देऊं, असेंही सांगितलें होतें. तें आम्हीं वाचलें होतें. सरकार किती दिरंगाई करतें यावर घटकाभर बोललोंही होतों. आमच्या दिरंगाईस तेव्हां चार महिने होत आले होते.

पैसे त्याच दिवशीं मास्तरांच्या बँकखात्यांत भरले, म्हणजे निदान एक नोंद तरी तेथें दिसावी. वहींत आणखी चार-पांच ओळखीचीं घरें होतीं. त्यांच्याकडे आम्ही स्वतः गेलों. दोघांनीं तात्काळ दिले, एकांनीं तोंड वांकडें केलें, पण दिले. त्या पैशांतून मास्तरांनीं कापड आणून मुखपट्ट्या शिवल्या. जुलैपासून उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी सुरू झाली. ती पुतण्यानें करून दिली. दिवाळीच्या आधीं ‘शिशु’ कर्जही मंजूर झालें. सरकारची मदत पोंचली नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. ती पोंचेपर्यंतचे पांच महिने मास्तरांनीं कशावर काढावयाचे, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचें थोडें उत्तर आमच्या कपाटांत पडून होतें.

तेव्हांपासून आमच्या घरीं दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं चहाच्या वेळीं एक वही वाचली जाते: वाणी, शिंपी, सुतार, इस्त्रीवाला, कोणाचें किती देणें. वाचण्याचें काम वहिनींकडे आहे, आणि त्या एकही ओळ गाळीत नाहींत. सरकारनें काय करावें, हा विषय त्यानंतर निघतो.