अंगावर काढणे

'दुखणं अंगावर काढणं' या मराठी वाक्प्रचाराला हिंदीत नेमका जोडीदार मला आजवर सापडलेला नाही. 'सह लेना', 'झेल लेना' हे जवळपास जातात, पण त्यांत नुसती सहनशक्ती येते. अंगावर काढण्यात आणखी काही असतं. दवाखाना गल्लीच्या टोकाला आहे हे माहीत असतं, आणि तरीही आपण जात नाही. पुढे ते सांगताना आवाजात थोडा अभिमानही येतो. "दोन वर्षं तशीच अंगावर काढली गं," हे वाक्य मी आईकडून ऐकलं आहे, दोन्ही मावश्यांकडून ऐकलं आहे. बहुतेक वेळा ते पाळी जाण्याच्या काळाबद्दल असायचं.

पाळी येते, चुकते आणि शेवटी जाते. 'गेली' हा भूतकाळ असा वापरला जातो, की जणू पाहुणी एका सकाळी पिशवी उचलून निघाली. वैद्यकाच्या हिशेबात सलग बारा महिने पाळी आली नाही, की मागे वळून म्हणायचं, ती गेली. त्याआधीची काही वर्षं ती कधी पंधरा दिवसांनी येते, कधी तीन महिन्यांनी. त्या वर्षांना घरात बोलला जाईल असा मराठी शब्द नाही. 'रजोनिवृत्ती' पाठ्यपुस्तकातून आलेला, पेन्शनच्या कागदासारखा. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला 'मेनोपॉज' मुळात फ्रेंच. गार्दान नावाच्या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक मुळांवरून तो घडवला, आणि १८२१ साली पुस्तकाच्या नावात छापला. तोही थांबण्याचंच नाव सांगतो, थांबेपर्यंतच्या वाटेचं नाही. भारतात ही वाट लवकर सुरू होते. पाश्चात्त्य देशांत पाळी जाण्याचं सरासरी वय ५१ च्या आसपास, आपल्याकडे ४६-४७.

या शब्दांशी माझी गाठ जयपूरला सिव्हिल लाइन्समध्ये पडली. जानेवारीत रात्री तीन वाजता मी जयपुरी रजाई भिरकावून खिडकी उघडायची. मानेपासून वर आग, मग घाम, मग थंडी. ते एक वेळ चाललं असतं. भीती वेगळ्याच गोष्टीची होती. दिवसा काम करताना शब्द सापडेनासे झाले. 'चौखट' समोर दिसायचं, उंबरा की चौकट हे तपासायच्या आधी दोन्ही शब्दच नाहीसे व्हायचे. अनुवादकाकडे दुसरं भांडवल काय असतं? डोक्याचा काही आजार सुरू झाला आहे, असं मला वाटत होतं.

पहिल्या दवाखान्यात "इस उम्र में होता है" एवढं उत्तर आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या. वाक्य खोटं नव्हतं. पण 'होतं' म्हणजे 'त्यावर काही करायचं नसतं', हा अर्थ त्याला कोणी जोडला? म्हातारपणी मोतीबिंदूही होतोच.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जाताना मी त्रासाची यादी मराठीत लिहिली आणि तिचं हिंदी केलं. 'घालमेल'पाशी अडले. शेवटी 'घबराहट' लिहिलं. त्यांनी तो शब्द वाचला आणि आधी ईसीजी काढायला सांगितला. तो ठीक निघाला. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासलं, आणि ते योग्यच होतं, कारण थायरॉइडचा बिघाड या त्रासाची हुबेहूब नक्कल करू शकतो. पण एका शब्दाची निवड एका तपासणीपर्यंत पोचते, हे मला त्या दिवशी दिसलं. मग त्यांनी माझी यादी बाजूला ठेवून तीनच प्रश्न विचारले. कितनी बार? कितनी देर? कब से?

वाफा का येतात, हे त्यांनी कागदावर रेघा मारून दाखवलं. शरीराचं तापमान सांभाळणारा मेंदूचा भाग, हायपोथॅलॅमस, एरवी थोडा चढ-उतार चालवून घेतो. इस्ट्रोजेन कमी होऊ लागलं की ही चालवून घेण्याची पट्टी अरुंद होते. मग चहाचा एक कप किंवा एक जिनाही पुरतो. शरीर उष्णता बाहेर टाकायला त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंद करतं आणि घाम फोडतं. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात वारंवार वाफा येणाऱ्या बायकांना हा त्रास साधारण सात वर्षं पुरल्याचं २०१५ साली प्रसिद्ध झालं. सात वर्षं अंगावर काढायला फार होतात.

गोळ्यांची भीती मला होती. तिचा उगम बहुतांशी २००२ सालच्या जुलैतला. तेव्हा अमेरिकेत १६ हजारांहून जास्त बायकांवर चाललेली हार्मोनची चाचणी मध्येच थांबवली गेली. स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं, वर्षाला दर दहा हजारांत आठ जणी जास्त. जगभर मथळा पोचला, पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे मागे राहिलं. पुढच्या विश्लेषणांतून असं दिसलं, की साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, दुसरी अडचण नसलेल्या बहुतेक बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. अडचणी आहेतच. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असतील, यकृताचा आजार असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर ही वाट सहसा बंद. त्यांच्यासाठी हार्मोनविना काम करणारी औषधंही आहेत. माझ्यापुरतं त्वचेवर लावायचं जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉन ठरलं. गर्भाशय जागेवर असेल तर त्याच्या अस्तराच्या रक्षणासाठी ही दुसरी गोळी लागते. दोन महिन्यांत झोप परतली. शब्दही बरेच परतले, औषधाने की झोपेने, ते सांगता येणार नाही.

याच सुमारास राजस्थानवरचा एक जुना शोधनिबंध वाचनात आला. मार्चा फ्लिंट या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान आणि हिमाचलमधल्या ४८३ राजपूत बायकांशी बोलून १९७५ साली तो प्रसिद्ध केला. पाळीतल्या बदलांपलीकडे या बायकांना फारसा त्रास नव्हता, असं त्यांनी लिहिलं. कारण असं दिलं, की पाळी गेल्यावर त्यांचा पडदा सुटे आणि त्या जनानखान्यातून खाली येऊन पुरुषांच्या बैठकीत बसू शकत. ज्या बाईला पाळी जाण्यातून मोकळीक मिळते, तिला ती सोपी जाते, हे मला पटतं. पण अनुवादक म्हणून मी थोडी थबकते. "काही त्रास?" या प्रश्नाला आपल्याकडची बाई सहसा "नाही" म्हणते. नंतरच्या अनेक भारतीय पाहण्यांत बायकांनी थकवा, सांधेदुखी, झोप न लागणं हे सांगितलं आहे, आणि वाफाही.

अंगावर काढण्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला एक शब्द आहे, 'पिशवी'. मराठीत गर्भाशयाला पिशवी म्हणतात, हिंदीत बच्चेदानी. दोन्ही शब्द वापरून झालं की टाकून द्यायच्या वस्तूंचे. मुलं झाली, आता दाणी कशाला? २०१९ साली महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. जयपूरला लागून असलेल्या दौसा जिल्ह्यातली अशीच प्रकरणं त्याआधी माहितीच्या अधिकारातून उघड झाली होती. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या अनावश्यक शस्त्रक्रियांवरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला. बीजकोशही काढले तर पाळी हळूहळू जात नाही, त्या टेबलावरच जाते. ते ठेवले तरी ती लवकर जाण्याचा संभव वाढतो, आणि हाडांची झीजही लवकर सुरू होते.

आणखी एक शब्दप्रयोग मला आता घाबरवतो, 'पाळी परत आली'. मावशीने तो हसत सांगितला होता, तारुण्य परत आल्यासारखा. बारा महिन्यांनंतर दिसलेलं रक्त पाळी नसते. कारण बऱ्याचदा साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. लगेच सोनोग्राफी करून घ्यावी, इतकी ती बाब तातडीची. मावशीच्या अस्तराचा तुकडा तपासला, तो साधा निघाला.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई दौशाच्या. तिशी ओलांडताच त्यांची बच्चेदानी काढली गेली, आणि तेव्हापासून "गर्मी चढती है, दीदी". चाळिशीत मनगट मोडलं तेव्हा कोणी या दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या. सिव्हिल लाइन्सहून मेट्रोने तिसरं स्टेशन चांदपोल. तिथे सरकारी जनाना रुग्णालय आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून यादी तोंडपाठ करायची ठरली. पोळ्या लाटताना त्या म्हणून बघत: दिवसातून सहा वेळा, पाच-पाच मिनिटं, ऑपरेशनपासून, अकरा वर्षं. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःहून पाचवी गोष्ट घातली: कागद मिळाला नव्हता, आत आणखी काय काढलं ते विचारायचं आहे.