दिवा बदलला, हे लिहिलं नाही

पतंगांच्या नोंदी ठेवणाऱ्या बहुतेकांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. जुलैच्या अखेरीस जगभर ‘नॅशनल मॉथ वीक’ साजरा होतो, तेव्हा आपल्याकडेही ठिकठिकाणी पांढरे पडदे लागतात आणि रात्र रात्र जागून फोटो काढले जातात. मार्चपासून मृगापर्यंतच्या रात्रींकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. कोकणातल्या दमट उन्हाळ्यातही पतंग असतात, आणि एखादा वळीव पडून गेला की पुष्कळ असतात. त्यांची नोंद कुणीतरी ठेवावी असं फार वाटायचं, म्हणून निवृत्तीनंतर देवरुखच्या घराच्या परसात मी प्रकाश सापळा लावायला सुरुवात केली. सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली होती. आधी निरीक्षण, मग नोंद, मग निष्कर्ष, हा क्रम वर्षानुवर्षं मुलांकडून घोटून घेतला होता. त्यातल्या नोंदीच्या पायरीवर मी स्वतः चुकले. ती चूक वहीपुरती राहिली असती तर मी ती वहीतच दुरुस्त केली असती. तिच्यामुळे एका भल्या माणसावर चारचौघांत ठपका आला, म्हणून ती इथे सांगते आहे.

सापळा घरीच केलेला. एक मोठा प्लॅस्टिकचा टब, त्यावर नरसाळं, नरसाळ्याच्या तोंडावर दिवा आणि दिव्याभोवती उभ्या पारदर्शक पट्ट्या. दिव्याकडे झेपावलेला पतंग पट्टीवर आपटतो आणि नरसाळ्यातून टबात उतरतो. टबात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवायचे, म्हणजे त्यांच्या खोबणीत पतंग निवांत बसून राहतात. सकाळी एकेक ट्रे उचलायचा, बसलेल्यांची मोजणी करायची, फोटो घ्यायचे आणि त्यांना झाडीत सोडून द्यायचं. दिवा होता 160 वॉटचा मर्क्युरी बल्ब, चोक न लागता सरळ होल्डरमध्ये बसणारा. त्याच्या उजेडात अतिनील किरण भरपूर असतात आणि पतंगांचे डोळे त्या किरणांना फार संवेदनशील असतात.

हे मला माहीत होतं. कुणी विचारलं असतं तर मी फळ्यावर आकृती काढून समजावलं असतं.

एका वर्षी मेच्या मध्यावर संध्याकाळी अवचित वळीव आला. दिवा लावलेला होता आणि सापळ्यावर पत्रा घातलेला नव्हता. मर्क्युरी बल्बची काच चटका बसेल इतकी तापते. तिच्यावर थेंब पडले आणि ती तडकली. दुसऱ्या दिवशी बाजारात गेले, तर तसा बल्ब मिळेना. दुकानदार माझ्या ओळखीचा. म्हणाला, “बाई, ते दिवे आता कोण ठेवतं? हा एलईडी न्या. उजेड जास्त आणि बिल कमी.” मी तो नेला, होल्डरमध्ये बसवला आणि त्या रात्रीपासून मोजणी पुन्हा सुरू केली. वहीत त्या दिवसाच्या पानावर पावसाची नोंद आहे. ढग, वारा, तापमान, सगळं आहे. दिवा बदलल्याचा एक शब्दही नाही. माझ्या लेखी ती घरातली किरकोळ दुरुस्ती होती.

साध्या पांढऱ्या एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात. साहजिकच आकडे पडले. एरवी वळिवानंतर ट्रेची एकही खोबण रिकामी राहत नसे, तिथे आता चार-दोन पतंग दिसू लागले. पुढचा उन्हाळाही तसाच गेला. मी पानं उलटून मागचे आकडे पाहत होते आणि जीव कासावीस होत होता. पतंगांच्या अळ्यांवर बागेतली किती पाखरं पिल्लं वाढवतात, संध्याकाळी उमलणारी किती फुलं पतंगांच्या भरवशावर असतात, हे मला ठाऊक होतं. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं आहे असं वाटलं, आणि मी कारण शोधायला लागले.

कारण कुंपणापलीकडेच मिळालं. शेजारी तात्यांची हापूसची कलमं आहेत. मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारणी होते आणि तिचा वास आमच्या ओटीपर्यंत येतो. आकडे पडले त्याच सुमारास त्यांनी नवा पॉवर स्प्रे घेतला होता. मला एवढं पुरलं. तालुक्यातल्या निसर्गप्रेमींच्या एका मेळाव्यात मला बोलायला बोलावलं होतं. तिथे मी आलेख दाखवला आणि सांगितलं, की कलमांवरच्या फवारणीने माझ्या परसातले पतंग दोन उन्हाळ्यांत संपवले. तात्यांचं नाव घेतलं नाही. पण माझं घर कुठे आहे आणि शेजारी कुणाची बाग आहे, हे सभेतल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. त्यानंतर तात्या कुंपणाशी थांबून बोलेनासे झाले.

पुढच्या एप्रिलमध्ये माझा एक जुना विद्यार्थी सुट्टीला गावी आला होता. तो दापोलीला कृषी शिकतो, कीटकशास्त्राची त्याला आवड आहे. मी मोठ्या हौसेने वह्या पुढे ठेवल्या. त्याने आलेख पाहिला, आकडे कुठे कोसळतात त्या तारखेवर बोट ठेवलं आणि विचारलं, “बाई, इथे दिवा कुठला होता?” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. मोहोरावरच्या फवारणीने आकडे हळूहळू उतरले असते. इथे ते एका रात्रीत उतरले होते, तेही फवारणी आटोपून, आंबा उतरत असताना, मेमध्ये. तो आलेख मी किती वेळा पाहिला होता, तरी तारीख कधी वाचली नव्हती.

त्याने चार दिवसांनी कुठूनसा एक मर्क्युरी बल्ब आणला. घराच्या दोन बाजूंना, एकाचा उजेड दुसऱ्यावर पडणार नाही अशा बेताने, आम्ही दोन पांढरी धोतरं टांगली आणि एकापुढे मर्क्युरी, दुसऱ्यापुढे एलईडी लावला. तासाभराने एलईडीच्या धोतरावर थोडे भुंगे आणि मोजके पतंग होते. मर्क्युरीच्या धोतरावर हात ठेवायला जागा शोधावी लागत होती. कण्हेरी-तगरीवर वाढणारा हिरवागार हॉकमॉथ, जो संपला असं मी मेळाव्यात सांगितलं होतं, तोही येऊन बसला. त्याच्या हिरव्या पंखांवरचे गुलाबी-पांढरे पट्टे पाहताना मला आनंद व्हायला हवा होता, पण डोळ्यांपुढे तात्यांचा चेहरा येत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले आणि जे घडलं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, फवारणी मी करतो, नाही म्हणत नाही. पण बोलण्याआधी मला विचारलं असतंत, तर कधी केली, कुठलं औषध, किती घेतलं, सगळं दाखवलं असतं.” आणि आतून वही आणली. आंबा परदेशी पाठवायचा तर फवारणीची नोंद ठेवावीच लागते. तारीख, औषधाचं नाव, पाण्यातलं प्रमाण, कुठल्या कलमांवर, शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस गेले, हे सगळं वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. पंप बदलला ती तारीखसुद्धा त्यात होती.

त्यानंतर मी माझ्या सगळ्या वह्या संशयाने वाचून काढल्या. एक चूक सापडली की बाकीच्या दिसायला लागतात.

फळातला रस शोषणाऱ्या पतंगांचंच घ्या. संत्रा-डाळिंबाच्या बागायतदारांना हे युडोसिमा वंशातले पतंग चांगले ठाऊक असतात, कारण त्यांची टोकदार सोंड फळाची साल भेदते. त्यांच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात, आणि माझ्या शेवग्यावर गुळवेल चढलेली आहे. बसलेला पतंग वाळक्या पानासारखा दिसतो. पुढच्या पंखांखाली नारिंगी मागचे पंख झाकलेले असतात. माटेर्ना जातीत त्या नारिंगीवर एक गोल काळा ठिपका असतो, फॅलोनिया जातीत वाकडा, स्वल्पविरामाच्या वळणाचा काळा पट्टा. ओळख तिथे पटते. मी मात्र मागचे पंख न पाहताच पुढच्या पंखांवरून नावं घातली होती. फॅलोनियाच्या नर आणि मादीचे पुढचे पंख वेगळे दिसतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. परिणामी एकाच जातीचे नर आणि मादी माझ्या यादीत दोन जाती म्हणून बसले होते, आणि यादी लांबल्याचा मला अभिमान होता.

हिप्पोशन वंशातल्या दोन हॉकमॉथचं याच्या उलट झालं. रोझेटा आणि बोअरहावी या जाती वरून इतक्या सारख्या असतात, की भल्याभल्यांना फोटोवरून त्या वेगळ्या सांगता येत नाहीत. फोनवरच्या ॲपने एक नाव सुचवलं आणि मी ते प्रत्येक वेळी लिहीत गेले. आता ‘हिप्पोशन, दोहोंपैकी एक’ असं लिहिते.

ज्या रात्री एकही पतंग आला नाही, त्या रात्रीचं पान मी लिहिलंच नव्हतं. त्यामुळे सापळा लावला आणि रिकामा निघाला, की लावलाच नव्हता, हे आता सांगता येत नाही. तारखांचाही घोळ होता. रात्र दोन तारखांत विभागलेली असते. मी कधी संध्याकाळची तारीख टाकली होती, कधी सकाळची.

सगळ्यांत जास्त लागलेली चूक वहीतली नाही. टब मी पहाटे अंगणातच उघडायची आणि पतंग तुळशीपाशी सोडायची. काही दिवसांतच दयाळ आणि कोतवाल वेळेवर हजर राहू लागले. सापळ्याच्या काठावर पाली ठाण मांडून असत. मी त्याला निसर्गाचा क्रम म्हणत होते, पण ते ताट मी वाढलेलं होतं. मृगाच्या आधीच्या एका ओल्या रात्री मून मॉथची मादी सापळ्यात आली. फिकट पोपटी रंग, मागच्या पंखांना लांब शेपट्या. सकाळी पाहिलं तर एक शेपूट फडफडून तुटली होती आणि ट्रेच्या पुठ्ठ्यावर तिने अंडी घातली होती. या पतंगांना प्रौढ झाल्यावर खाता येत नाही. अळीपणी साठवलेल्या बळावर ते जेमतेम आठवडाभर जगतात. त्यातली एक अख्खी रात्र मी टबात घालवली, आणि अंडी अशा जागी पडली जिथे अळीला खायला एक पान नव्हतं. तेव्हापासून मी रोज सापळा लावत नाही. मध्ये रात्री मोकळ्या सोडते, आणि पतंगांना परसाच्या दूरच्या टोकाला, दाट झाडीच्या आत, जागा बदलत सोडते.

दिव्याची चूक इतकी मोठी का, हे 2024 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या संशोधनाने मला नीट समजलं. सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचं उड्डाण टिपलं. उडता कीटक पाठ उजेडाकडे ठेवतो. रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे वर कुठे हे त्याला कळतं. जवळ दिवा असला की तो दिव्याकडे पाठ करायला वळतो आणि भोवती फिरत अडकतो. म्हणजे सापळ्यातला आकडा परसातल्या पतंगांची शिरगणती नसतो. त्या रात्री, त्या दिव्याने, जवळून जाणाऱ्यांपैकी किती जणांची दिशा चुकवली, एवढंच तो सांगतो. दिवा बदलला की मोजमापच बदलतं.

इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संस्थेचं प्रकाश सापळ्यांचं जाळं 1960च्या दशकापासून चालू आहे, आणि त्यात दिवा ठरलेला आहे: 200 वॉटचा टंगस्टन. पतंग ओढायला याहून प्रभावी दिवे आहेत हे त्यांना माहीत असूनही त्यांनी तो बदलला नाही. म्हणून 1968 ते 2017 या काळात ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची संख्या 33 टक्क्यांनी घटली, हे तिथे ठामपणे सांगता येतं. कीटक कमी होत आहेत ही भीती खरी आहे. म्हणूनच माझ्यासारख्या चुकीच्या आलेखाने तिचं नुकसान होतं. उद्या खरा आलेख घेऊन कुणी उभं राहिलं, तर लोक म्हणतील, मागे एक बाई असंच काहीतरी सांगत होत्या.

मेळाव्याच्या पुढच्या बैठकीत मी उभी राहिले, आलेख मागे घेतला आणि तात्यांची माफी मागितली. जुने आकडे खोडले नाहीत; त्यांच्या समासात तांबड्या शाईने दिव्याचा प्रकार लिहिला. आता प्रत्येक पानावर पहिली ओळ दिव्याची असते, मग सापळ्याची जागा, चंद्राची तिथी, ढग, पाऊस, लावल्याची आणि काढल्याची वेळ. शून्य आलं तर शून्य लिहिते.

फवारणीने पतंगांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न माझ्यापुरता अजून उघडा आहे. परिणाम होत असावा असं मला वाटतं, पण वाटणं मी आता वहीत लिहीत नाही. तात्यांनी त्यांच्या नोंदी मला उतरवून घ्यायला दिल्या आहेत आणि मोहोराआधी फवारणीची तारीख कळवायचं कबूल केलं आहे. मी तशाच मर्क्युरी बल्बचा साठा करून ठेवला आहे. दोन्ही वह्या शेजारी ठेवून काही म्हणता येईल इतक्या नोंदी जमायला पुष्कळ उन्हाळे जातील. तोवर या विषयावर मला कुणी बोलायला बोलावलं, तर मी एवढंच सांगेन, की मोजणी चालू आहे.