डोंगर लहान का?

काही वर्षांपूर्वी चित्रकलेचे शिक्षक रजेवर असता त्यांचा तास मजकडे आला. मी ‘आपला भगवती किल्ला’ हा विषय दिला. रत्नदुर्गाची ती टेकडी तीन बाजूंनी समुद्राने वेढलेली. वर भगवती देवीचे देऊळ असल्याने अनेक रत्नागिरीकरांस पूज्य. सर्वांनी कागदभर किल्ला काढला. मिरकरवाड्यातील एका मुलाने मात्र कागदभर लाटा काढल्या, त्यांत एक होडी, आणि कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा किल्ला. “डोंगर एवढा लहान का?” असे म्हणून मी त्यास दहांपैकी तीन गुण दिले. तो काही बोलला नाही.

पुढे होकुसाई (१७६०–१८४९) या जपानी चित्रकाराची लाकडी ठशांची चित्रे एका पुस्तकात पाहण्याचा योग आला. जपानात फुजी हा ३,७७६ मीटर उंचीचा पर्वत पवित्र मानतात. १८३० च्या सुमारास होकुसाईने त्याची छत्तीस दृश्ये काढावयास घेतली. पुढे त्यांत आणखी दहांची भर पडली. तो रेखाटी, दुसरा कारागीर ते चेरीच्या फळीवर कोरी, तिसरा निरनिराळ्या रंगांसाठी निरनिराळे ठसे उमटवी. एका चित्रात पर्वत सकाळच्या उन्हाने तांबडा झाला आहे; एकात पायथ्याशी वीज कडाडते; एकात सर्वत्र बर्फ पडले आहे. पण पुष्कळ चित्रांत तो दूर असून पुढे माणसे आपापल्या कामात गढलेली दिसतात. एक कारागीर भले मोठे पिंप घडवीत आहे, आणि पिंपाच्या वर्तुळातून इवलासा फुजी दिसतो. सर्वांत प्रसिद्ध चित्रात तर प्रचंड लाट, तीन होड्या, ओणवे झालेले नावाडी, आणि लाटांच्या खळग्यात लाटेहून लहान फुजी!

ते चित्र पाहताच मला तो मुलगा आठवला व मी ओशाळलो. मी किल्ला जमिनीवरून पाहिला होता. त्याने तो बापाच्या होडीतून पाहिला होता. घराची दिशा दाखविणारा तो ठिपका त्याला आमच्या कागदभर किल्ल्यांहून कमी मोलाचा नव्हता.

गेल्या नारळी पौर्णिमेस तो मला बंदरावर भेटला. आता तो स्वतः होडी चालवितो. मी माझी चूक त्यास सांगितली. तो हसून म्हणाला, “सर, अजून तेवढाच दिसतो.”

विद्यार्थिमित्रांनो, दुसऱ्याचा न्याय करण्याची घाई करू नये, हे प्रभूचे शिक्षण मी वर्गात अनेक वर्षे सांगत आलो. मला मात्र ते एका चित्राने शिकविले.