तो आधी दिसायला हवा होता

श्रीगोंद्यातल्या एका लेखकाने काही वर्षांपूर्वी विहिरीवरच्या मोटरीच्या चोरीवर रहस्य-एकांकिका लिहिली. तालमी जोरात झाल्या, प्रयोगही रंगला. संशय आधी सालगड्यावर गेला, मग भावकीवर, मग वायरमनवर. शेवटच्या पाच मिनिटांत खरा चोर रंगमंचावर आला, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने मात्र प्रयोगानंतर लेखकाला बाजूला बोलावलं. "त्याला आधी कुठं दावलाच न्हाई, मंग म्या वळखायचा कसा?"

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. म्हातारी तासभर मन लावून हिशेब मांडत बसली होती आणि त्याने ऐनवेळी पाटीच बदलली होती. तेव्हापासून कुठलाही गाजलेला थ्रिलर पाहताना तो तिच्या जागी बसून पाहतो. म्हणूनच त्याची निराशाही वाढली आहे. ज्या मालिका-सिनेमांचं नाव चार लोक कौतुकाने घेतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी त्याला तीच फसवणूक दिसते. फक्त त्यांचा कॅमेरा महागडा असतो.

'सेक्रेड गेम्स'चं त्याला सर्वांत वाईट वाटलं, कारण सुरुवात इतकी पक्की होती. 2018 च्या पहिल्या पर्वात गँगस्टर गणेश गायतोंडे पोलीस अधिकारी सरताज सिंगला फोनवर सांगतो की पंचवीस दिवसांत सगळे मरणार, फक्त त्रिवेदी वाचणार. आल्फ्रेड हिचकॉकने 1962 मध्ये फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत सांगितलेलं गणित नेमकं हेच आहे. दोन माणसं टेबलाशी बसून गप्पा मारताहेत. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब आहे आणि तो किती वाजता फुटणार, हे प्रेक्षकाला आधीच कळलं असेल, तर त्याच फालतू गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. 'सेक्रेड गेम्स'ने मुंबईखाली बॉम्ब ठेवला, घड्याळही लावलं, आणि 2019 च्या दुसऱ्या पर्वात त्या घड्याळाकडे बघायचंच सोडून दिलं. कथा आश्रमात गुरुजींच्या प्रवचनात आणि केनियाच्या वाऱ्यांत रमली. शेवटी बॉम्ब फुटला की निकामी झाला, हे मालिका सांगतच नाही. अनेकांना तो धीट शेवट वाटला. या लेखकाला वाटलं, पंचवीस दिवसांचा वायदा करून माणूस चोविसाव्या दिवशी गाव सोडून गेला.

त्या मालिकेतलं त्याच्या मनात काय टिकलं, तर हवालदार काटेकर. जितेंद्र जोशीने उभा केलेला हा साधा पोलीस पहिल्या पर्वातच मारला जातो आणि मागे उरते त्याची बायको शालिनी. जगबुडीच्या कटापेक्षा त्या घरातली रिकामी जागा अंगावर येते. लेखकाने तो भाग पुन्हा पुन्हा पाहिला, कारण त्यात रहस्य काहीच नव्हतं. काटेकर कसा बोलतो, कशावर चिडतो, कुणासाठी राबतो हे आधी नीट दाखवलेलं होतं, म्हणून त्याचं मरण लागलं.

मराठी मालिकांत 'देवमाणूस'ने 2020 मध्ये फार धाडसी सुरुवात केली होती, हे तो आजही मान्य करतो. वाईजवळच्या धोममध्ये 2016 साली उघडकीला आलेल्या खुनांच्या प्रकरणावर ती बेतलेली होती. गावाला देव वाटणारा डॉक्टर खुनी आहे, हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक आणि गावाला ठाऊक नाही. यापेक्षा चांगली रचना कुणाला सुचणार? बायाबापड्या टीव्हीसमोर बसून "अगं, जाऊ नको त्याच्याकडं" म्हणायच्या. पण आठवड्याला इतके भाग भरायचे म्हटल्यावर धागा ताणला गेला. खून, संशय आणि निसटणं यांचं रहाटगाडगं सुरू झालं. 15 ऑगस्ट 2021ला मालिका संपली आणि त्याच डिसेंबरात दुसरं पर्व लागलं. खुन्याचा हिशेब पुढच्या पानावर ओढला गेला. निराशा गोष्टीने केली नव्हती. ती किती दिवस सांगायची हे गोष्टीबाहेरच्या गरजेने ठरवलं, तिथे घात झाला.

जुन्याचं सगळं सोनं होतं, असंही नाही. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' 1964चा. त्यावरूनच राज खोसला यांनी 1966 मध्ये 'मेरा साया' केला. गेलेली बायको तीच आपण, असं सांगणारी बाई कोर्टात उभी राहते आणि उत्तर म्हणून शेवटी जुळी बहीण निघते. कागदावर ही युक्ती लंगडीच. सिनेमा तगतो तो त्या वकील नवऱ्यामुळे. समोरच्या बाईवर विश्वास ठेवावा तर स्वतःचंच दुःख खोटं ठरतं, अशा पेचात तो सापडलेला आहे आणि आपण गुन्हेगार शोधायचं विसरून त्याच्याकडे बघत राहतो.

आणि मग 'दृश्यम'. जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम सिनेमा 2013चा, निशिकांत कामत यांनी हिंदीत तो 2015 मध्ये गोव्यात आणला. खून कुणी केला, का केला, सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडतं. चौथी नापास केबलवाला विजय साळगावकर 2 ऑक्टोबरची पणजीतली सहल, सत्संग आणि पावभाजी साऱ्या गावाच्या आठवणीत पेरत जातो. दडवलेली गोष्ट एकच, प्रेत कुठे आहे. तीही खरं तर दडवलेली नाही. नव्या पोलीस ठाण्याचं बांधकाम आपण पाहिलेलं असतं, फक्त तिकडे लक्ष दिलेलं नसतं. शेवटी फरशीखालचं ते गुपित कळतं, तेव्हा प्रेक्षक स्वतःलाच म्हणतो, अरे, हे तर समोर होतं. म्हातारीला हवा होता तो हाच आनंद.

शेवट कळला की मजा गेली, हे लेखकाला अलीकडे पटेनासं झालंय. त्याच्याच तालुक्यात, भीमेच्या काठी, पेडगावचा बहादूरगड आहे. 1689 च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी पकडलेल्या संभाजीराजांना इथेच औरंगजेबासमोर आणलं. पुढे काय झालं हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. तरी 14 फेब्रुवारी 2025ला संभाजीराजांवरचा 'छावा' लागला, तेव्हा इथलीच माणसं तो पाहायला गेली आणि डोळे पुसत बाहेर आली. त्या सिनेमातला आरडाओरडा लेखकाला जास्त वाटला, पण शेजारच्या खुर्चीतला माणूस श्वास रोखून बसला होता, हेही त्याने पाहिलं. काय होणार हे त्या माणसाला ठाऊक होतं. ते होऊ नये, असं त्याला वाटत होतं.

वाट बघणं म्हणजे काय, हे कुकडी कालव्याच्या टेलला शेत असलेल्याला वेगळं सांगायला नको. आवर्तन सुटल्याची बातमी येते, वरची गावं भिजतात, उसाचे शेंडे पिवळे पडत जातात आणि माणूस रात्री बॅटरी घेऊन चारीवर जाऊन बसतो. पाणी कुठून येणार, कुठल्या वळणावर अडलंय, सगळं त्याला ठाऊक असतं. पोचेल का आणि वेळेत पोचेल का, एवढाच प्रश्न उरतो.

या उन्हाळ्यात लेखकाने ती एकांकिका पुन्हा काढली. चोर तोच ठेवला, कारणही तेच. आता तो पहिल्याच प्रवेशात येतो. सकाळची वेळ, मालक गोठ्यात, त्याची बायको दारात तांदूळ निवडतेय. चोर ओट्यावर टेकतो, पाणी मागतो, पोराच्या शाळेची चौकशी करतो आणि काल नेलेला पान्हा परत देतो. ती तो पान्हा बघतही नाही, खिळ्याला अडकवून टाकते. पुढची पस्तीस मिनिटं तो पान्हा तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लटकत राहतो.